कार्डाने आलेला पैसा आणि बचत गटाचे खाते

जालना, सोन्याचा पालना, असे आपल्या भागात पूर्वापार म्हटले जाते. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवीन जालना. १ मे १९८१ रोजी जिल्हा झाला. बियाणे, लोखंडी सळया आणि मोसंबी यांच्यामुळे आपल्या गावाचे नाव देशभर गेले. मोसंबीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु या पालन्यात ज्यांचे हात राबतात, त्यांच्या वाट्याला पैसा नेहमी शेवटी येतो आणि तोही चार ठिकाणी कापून येतो. मोंढ्यात पोते वाहणाऱ्या हमालाला आणि माल घालणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आडत किती, तोलाई किती, हमाली किती, हे ज्या कागदावर लिहिलेले असते त्या हिशोबपट्टीला म्हणूनच मोंढ्यात एवढे महत्त्व असते.

आता एक नवा मोंढा उघडला आहे. तो मोबाईलमध्ये आहे. आपल्या भगिनी गोधड्या शिवतात, मसाला कुटतात, पापड-कुरडया करतात. कोणी शाळेचे गणवेश शिवतो, कोणी चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला पुस्तकांचे दुकान मांडतो. ग्राहक पुण्याचा असतो, मुंबईचा असतो, कधी परदेशात गेलेल्या मराठी कुटुंबातला असतो. तो म्हणतो, "मी क्रेडिट कार्डाने पैसे देतो, तुमच्याकडे सोय आहे काय?" या सोयीला पेमेंट गेटवे म्हणतात. मराठीत त्याला पैसे येण्याची वेस म्हणता येईल. या वेशीवर कोण बसला आहे, तो किती घेतो आणि आत आलेला पैसा कोणाच्या घरी जातो, हे माहीत असल्याशिवाय वेस उघडू नये. म्हणून हा लेख.

ही सोय आली कोठून?

क्रेडिट कार्ड ही काही कालची गोष्ट नव्हे. अमेरिकेत १९५० साली डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. आपल्या देशात बँकेने दिलेले पहिले क्रेडिट कार्ड १९८० साली सेंट्रल बँकेने आणले. त्या काळी दुकानदार कार्ड एका हातयंत्रात घालून कागदावर ठसा उमटवीत असे आणि तो कागद बँकेत नेऊन देत असे. पैसे मिळायला बरेच दिवस लागत.

इंटरनेट आल्यावर कार्ड दुकानात न नेताच पैसे देण्याची गरज निर्माण झाली. मुंबईत २००० साली बिलडेस्क आणि २००१ साली सीसीअ‍ॅव्हेन्यू या कंपन्यांनी हे काम सुरू केले. सर्वसामान्य माणसाला या सोयीची खरी ओळख झाली ती रेल्वेमुळे. ३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकीट विक्री सुरू केली. पुढे बंगळूरची रेझरपे २०१४ साली निघाली आणि छोट्या विक्रेत्यालाही ही सोय मिळू लागली. आज तर स्वतःची वेबसाईट नसली तरी चालते. कंपनीकडून पैसे भरण्याची लिंक तयार करून ती व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकाला पाठविता येते.

मोठ्या संस्था पाहा. महावितरणने वीजबिलाचा ऑनलाईन भरणा निःशुल्क ठेवला, परंतु त्यात क्रेडिट कार्डाचा मात्र अपवाद केला. असे का? क्रेडिट कार्डावर कोणीतरी आडत घेते आणि ती कोणालातरी द्यावीच लागते, हे त्याचे सरळ कारण आहे. एवढ्या मोठ्या वीज कंपनीने ज्या खर्चाचा विचार केला, त्याचा विचार दहा बायकांच्या गटाने करू नये काय?

पडद्यामागे काय घडते?

ग्राहक लिंक उघडतो. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागच्या बाजूचे तीन आकडे भरतो. ही माहिती सांकेतिक रूपात गेटवेकडे जाते. गेटवे ती विक्रेत्याच्या बाजूच्या बँकेकडे पाठवितो. ही बँक कार्डाच्या जाळ्यात विचारणा करते. जाळे म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपल्या देशाचे रूपे. तेथून विचारणा ग्राहकाच्या बँकेकडे पोचते. ती बँक खात्री करून घेण्यासाठी ग्राहकाच्या मोबाईलवर बहुधा ओटीपी पाठविते, मर्यादा शिल्लक आहे काय ते पाहते आणि होकार किंवा नकार देते. हा निरोप त्याच वाटेने परत येतो. सगळा प्रवास काही सेकंदांचा.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हा फक्त होकार असतो. पैसा अद्याप आपल्या खात्यात आलेला नसतो. तो आधी मधल्या कंपनीच्या एस्क्रो खात्यात येतो. एस्क्रो म्हणजे बँकेत उघडलेले राखीव खाते. त्यातला विक्रेत्यांचा पैसा कंपनीला आपल्या इतर खर्चासाठी वापरता येत नाही. तेथून एक-दोन कामकाजाच्या दिवसांनी तो आपल्या खात्यात वळता होतो. मध्ये सुट्टी आली तर आणखी उशीर. म्हणून दुसऱ्या दिवशी कापड आणायचे असेल तर त्या पैशावर विसंबून राहू नये.

रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी या धंद्यासाठी नियम घालून दिले. ग्राहकाचा पैसा जी कंपनी स्वतःकडे घेऊन विक्रेत्यांना वाटते ती पेमेंट अ‍ॅग्रिगेटर, आणि जी फक्त निरोप पोचविण्याची यंत्रणा पुरविते ती पेमेंट गेटवे, असा फरक या नियमांनी केला. बँक नसलेल्या अ‍ॅग्रिगेटरला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. बोलताना लोक दोघांनाही गेटवेच म्हणतात. परंतु आपला पैसा ज्याच्या हातातून जाणार त्याच्याकडे परवाना आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर याद्या असतात. हा नियम केवळ कागदावरचा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये रेझरपे आणि कॅशफ्री यांच्यासारख्या मोठ्या कंपन्यांनाही नवे विक्रेते घेणे थांबवावे लागले आणि पुढे डिसेंबर २०२३ मध्ये परवाना मिळाल्यावरच ते पुन्हा सुरू करता आले.

ग्राहकाच्या बाजूनेही संरक्षण वाढत गेले. १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाईन कार्ड व्यवहारात कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक खात्री रिझर्व्ह बँकेने सक्तीची केली. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याने ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक स्वतःकडे साठवून ठेवण्यास बंदी आली. तेव्हा फोनवर कार्ड क्रमांक विचारून तो वहीत उतरवून घेणे, हे आपल्यापैकी कोणीही करू नये. ग्राहक विश्वासाने सांगत असला तरी नको म्हणावे आणि लिंक पाठवावी.

आडत किती पडते?

क्रेडिट कार्डावर छोट्या विक्रेत्याला साधारणपणे दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क पडते. कंपनीगणिक दर वेगळा असतो. या शुल्कावर आणखी १८ टक्के जीएसटी.

समजा, एक गोधडी २५०० रुपयांना विकली आणि दर दोन टक्के आहे. शुल्क ५० रुपये. त्यावर जीएसटी ९ रुपये. एकूण कपात ५९ रुपये. हातात पडतात २४४१ रुपये. दहा गोधड्यांमागे ५९० रुपये गेले. हातात पूर्ण २५०० यायचे असतील तर किंमत सुमारे २५६० ठेवावी लागेल. ही रक्कम मोठी नाही असे कोणी म्हणेल. परंतु गोधडीमागे शिवणारणीला जी मजुरी उरते तिच्याशी ५९ रुपयांची तुलना करावी, म्हणजे ती केवढी आहे ते कळेल.

आता दुसरी बाजू. रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर १ जानेवारी २०२० पासून विक्रेत्याकडून घ्यावयाचे शुल्क शून्य करण्यात आले. त्यामुळे आपले सगळे ग्राहक जालन्यातलेच असतील आणि ते दुकानात येऊन कोड स्कॅन करीत असतील, तर गेटवे घेण्याची काहीही गरज नाही. कोडाची पाटी पुरते. काही कंपन्या यूपीआयची रक्कम आपल्या लिंकमधून आली तर तांत्रिक सेवेचे वेगळे शुल्क लावतात. ते करार करताना विचारावे. सप्टेंबर २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येऊ लागले. म्हणून केवळ यूपीआय म्हटले की फुकट, असेही धरून चालू नये. छोट्या दुकानदाराला २००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क नसते. त्यावरच्या रकमेचे विचारून घ्यावे.

थोडक्यात सांगायचे तर, ग्राहक बाहेरगावचा आहे, रक्कम मोठी आहे आणि तो क्रेडिट कार्डच वापरतो, अशा वेळी ही सोय उपयोगाची. एरवी नाही.

खाते कोणाच्या नावावर?

आमच्या मते हा प्रश्न आडतीपेक्षाही मोठा आहे. नवीन जालन्यातील एका वस्तीतला महिला बचत गट आम्हास चांगला माहीत आहे, कारण त्यांची वही पाहण्यासाठी आम्हास अधूनमधून बोलावणे येते. गटातील भगिनी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात. आपल्याकडे त्याला वाकळ म्हणतात. पुण्याच्या एका ग्राहक बाईंनी कार्डाने पैसे देण्याची तयारी दाखविली. गटातील एका ताईंचा मुलगा शिकलेला. त्याने रात्रीतून एका कंपनीकडे नोंदणी केली. पॅन त्याचा, बँक खाते त्याचे, मोबाईल क्रमांक त्याचा, पासवर्डही त्याच्याच डोक्यात. पोराची नियत साफ होती, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.

चार-पाच मागण्या आल्या. पैसा मुलाच्या खात्यात जमा होई. तो काढून आईच्या हाती देई. मग एके दिवशी त्याला पुण्याला नोकरी लागली आणि तो निघून गेला. इकडे नवीन मागणी आली. एक वयस्कर मावशी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, बाई म्हणते पैसे कटले. वाकळ पाठवा म्हणते. पण आपल्याकडं तर काहीच दिसंना. पाठवू का नको?"

पैसे कोठे आहेत हे सांगणारा मोबाईल पुण्यात होता. गटाकडे केवळ सुई-दोरा होता.

मुलाच्या जागी गटाचे खाते घाला, असे कंपनीला कळविले. कंपनीने उत्तर दिले की नोंदणी एका व्यक्तीच्या नावावर आहे, बँक खाते दुसऱ्या नावाचे चालणार नाही. कागदपत्रांची तपासणी होईपर्यंत रक्कम रोखून धरली. जवळपास तीन आठवडे भगिनींची मजुरी अडकून पडली. नियम म्हणून कंपनीचे म्हणणे खरे होते. ज्याच्या नावाची नोंदणी त्याच्याच नावाचे खाते, हा नियम चोरापासून बचावासाठीच असतो. परंतु नाव चुकीचे पडले की तोच नियम आपल्या अंगावर येतो.

आणखी एक बाजू आहे. पैसा ज्या पॅनवर येतो, ते उत्पन्न कागदोपत्री त्याचे दिसते. उद्या कर खात्याने विचारले तर उत्तर त्या मुलाने द्यायचे. आणि गटाला बँकेकडून कर्ज हवे असेल तर? बँक विचारणार, तुमची उलाढाल दाखवा. उलाढाल तर मुलाच्या पासबुकात. गटाच्या पासबुकात वर्गणीच्या शंभर-शंभर रुपयांखेरीज काही नाही. शिवले बायकांनी, विकले बायकांनी आणि कागदावर बायका कोठेच नाहीत!

गटाने नंतर जे केले ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

पहिले, बैठक घेऊन ठराव लिहिला. ऑनलाईन विक्रीचा पैसा गटाच्याच खात्यात येईल आणि अध्यक्ष व सचिव या दोघींच्या सहीशिवाय निघणार नाही, असे त्यात नमूद केले. दुसरे, गटाच्या नावाने पॅन काढले. बचत गटाला व्यक्तींचा समूह म्हणून स्वतंत्र पॅन मिळू शकते. तिसरे, गटाच्या नावाने बँकेत चालू खाते उघडले. चौथे, एक स्वतंत्र सिमकार्ड घेतले. ते सचिवांकडे राहते आणि सचिव बदलल्या की नव्या सचिवांकडे जाते. पाचवे, पासवर्ड लिहून बंद पाकिटात अध्यक्षांकडे ठेवला. सहावे, शिकलेल्या मुलांची मदत घ्यायची, पण मशीन चालवायला गटातील दोघींनी शिकायचे, असे ठरविले. त्यातील एक ताई सातवी शिकलेल्या आहेत. आज त्या स्वतः लिंक तयार करून पाठवितात.

एकटीनेच धंदा करणाऱ्या भगिनीने हीच गोष्ट आपल्या नावाने करावी. नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावाने नव्हे. सूक्ष्म उद्योगाची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती निःशुल्क आहे. त्यासाठी दलालाला पाचशे-हजार देऊ नयेत. खाद्यपदार्थ विकायचे असतील तर अन्नसुरक्षेची नोंदणी करावी. महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा असेल तर जीएसटीच्या नोंदणीचा प्रश्न येतो. त्याबाबत जाणकाराचा सल्ला आधीच घ्यावा.

ग्राहकाने पैसे परत मागितले तर?

रोख विक्रीत पैसा गल्ल्यात पडला की विषय संपतो. कार्डाचे तसे नाही. ग्राहक आपल्या बँकेकडे तक्रार करू शकतो की, माल मिळालाच नाही, किंवा हा व्यवहार मी केलेलाच नाही. त्यास चार्जबॅक म्हणतात. व्यवहार होऊन बरेच दिवस गेले तरी, कित्येक प्रकरणांत सुमारे चार महिन्यांपर्यंत, अशी तक्रार येऊ शकते. तक्रार आली की रक्कम रोखली जाते आणि विक्रेत्याला ठराविक दिवसांत पुरावा द्यावा लागतो. पुरावा दिला नाही तर माल गेला, पैसाही गेला.

पुरावा म्हणजे काय? ग्राहकाची मागणी ज्यात आहे तो व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश. वस्तूचा पाठविण्यापूर्वी काढलेला फोटो. स्पीड पोस्टाची किंवा कुरिअरची पावती. माल पोचल्याची नोंद. हे सर्व निदान सहा महिने जपून ठेवावे. माल परत घेण्याच्या अटी आधीच स्पष्ट लिहून ग्राहकाला पाठवाव्यात. हाताने शिवलेल्या वस्तूत रंगाचा थोडा फरक पडतो, हेही लिहावे. यामुळे भांडणे अर्ध्यावर येतात.

परदेशातील कार्डाबाबत अधिक सावध राहावे. आपल्याकडील ओटीपीची सक्ती परदेशी बँकांनी दिलेल्या कार्डांना लागू नाही. साहजिकच चोरलेल्या कार्डाचा धोका तेथे जास्त. अशी कार्डे घेण्यासाठी कंपनीची वेगळी मंजुरी लागते आणि शुल्कही जास्त पडते. परदेशातील ग्राहक ओळखीचा असेल तर त्याच्या भारतातील नातेवाइकाने पैसे भरावेत, हा साधा मार्ग बरा.

फसवणुकीचे प्रकार

गरीब विक्रेत्याला लुबाडणारे आता घरी येत नाहीत, फोन करतात. काही प्रकार सांगून ठेवतो.

पैसे भरल्याचा खोटा फोटो पाठविला जातो. फोटो म्हणजे पैसा नव्हे. आपल्या खात्यात किंवा कंपनीच्या पानावर नोंद दिसली तरच माल पाठवावा.

"तुम्हाला पैसे पाठवितो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका," असे सांगितले जाते. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे आपले जातात.

कोणी मुद्दाम जास्त रक्कम भरतो आणि म्हणतो, "चुकून जास्त गेले, वरचे पैसे या दुसऱ्या क्रमांकावर पाठवा." तसे कदापि करू नये. परतावा द्यायचा झाला तर तो कंपनीच्या पानावरून, ज्या कार्डाने पैसे आले त्याच कार्डावर द्यावा. नाहीतर कार्ड चोरीचे निघते, मूळ रक्कम बँक परत घेते आणि आपण दुसऱ्या क्रमांकावर पाठविलेले पैसेही बुडतात.

एकाच मागणीसाठी तीन-चार कार्डे लावून पाहणे, भावाची चौकशी न करता वीस वस्तू मागणे, आजच पाठवा म्हणून घाई करणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी माल थांबवावा आणि कंपनीला कळवावे.

"मी कंपनीतून बोलतो, तुमचे खाते बंद होणार आहे, ओटीपी सांगा," असा फोन आला तर बोलणे तेथेच संपवावे. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. पहिला तासभर सर्वांत मोलाचा असतो.

वही कशी ठेवावी?

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि पोटापाण्याचे कामही कारकुनीचे. त्यामुळे हा भाग आमच्या जिव्हाळ्याचा आहे. बऱ्याच ठिकाणी खात्यात २४४१ आले की वहीत विक्री २४४१ अशी नोंद करतात. हे बरोबर नाही. विक्री २५०० लिहावी. खर्चाच्या बाजूला गेटवे शुल्क ५० आणि त्यावरील कर ९ असे लिहावे. मग जमा २४४१. असे लिहिले तरच वर्षअखेर कळते की आडतीपायी किती रुपये गेले आणि ही सोय परवडते की नाही.

साध्या वहीत सहा रकाने आखावेत. तारीख, ग्राहकाचे नाव व गाव, वस्तूची किंमत, कपात, खात्यात जमा झालेली रक्कम आणि जमा झाल्याची तारीख. कंपनी दर जमेचा तपशील देते. त्यात अनेक ग्राहकांचे पैसे एकत्र जमा झालेले असतात. ही आपली हिशोबपट्टी. आठवड्यातून एकदा ती वहीशी आणि पासबुकाशी ताडून पाहावी. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर पैसा वाटेत अडकला आहे, हे लगेच दिसते. हे काम बैठकीत, सर्वांसमोर, मोठ्याने वाचून करावे. ज्या भगिनीला अक्षर येत नाही तिलाही आकडा कळतो.

पैसे कापले, पण पोचले नाहीत

कधी ग्राहकाच्या खात्यातून रक्कम जाते आणि आपल्याकडे निरोप येत नाही. अशा वेळी ग्राहकाला धीर द्यावा, पण माल पाठवू नये. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी ऑनलाईन कार्ड व्यवहाराची रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत गेली पाहिजे. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला देय आहे. ही माहिती ग्राहकाला सांगितली की तो आपल्यावर रागावत नाही. वर नमूद केलेल्या मावशींचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्यांचा पैसा पोचला होता, फक्त दुसऱ्याच्या नावावर पोचला होता.

कंपनी दाद देत नसेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. ग्राहकाचे बँकेने ऐकले नाही तर त्याला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी वकील लागत नाही, फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

कार्ड घ्या, पण कोणाचे?

शेवटी एक सावधगिरीचा शब्द. ग्राहकाचे कार्ड स्वीकारणे वेगळे आणि आपण स्वतः कार्डावर उधार घेणे वेगळे. पहिल्यात आपला माल विकला जातो. दुसऱ्यात आपण कर्जदार होतो. गटाच्या खात्यात उलाढाल दिसू लागली की कार्ड देणाऱ्यांचे फोन सुरू होतात. मुदतीत पूर्ण रक्कम भरली तर व्याज नाही, हे खरे. पण "किमान रक्कम भरा" या ओळीला जो भुलला, त्याला महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज पडू शकते. वर्षाला ते चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. सावकाराच्या दारातून मोठ्या कष्टाने बाहेर पडलेल्या कुटुंबाने पुन्हा त्याच दरात अडकू नये.

नवीन यंत्रणेला भिऊन दूर राहावे असे आमचे म्हणणे नाही. दूर राहिलो तर आपली वाकळ व्यापारी स्वस्तात उचलेल आणि पुण्याच्या ग्राहकाला दुप्पट भावाने विकेल. तो कार्ड घेईलच. तेव्हा यंत्रणेत उतरावे, परंतु आपल्या नावाने उतरावे, आडत विचारून उतरावे आणि दर आठवड्याला पट्टी वाचून दाखवावी.

ज्या गटांनी अद्याप स्वतःचे पॅन काढलेले नाही, त्यांनी येत्या बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा. ज्यांचा पैसा आज कोणा मुलाच्या, दिराच्या किंवा भाच्याच्या खात्यात जमा होत आहे, त्यांनी कोणावरही संशय न घेता, गोडीगुलाबीने, पण याच महिन्यात तो आपल्या खात्याकडे वळवावा. कामाचे दाम ज्याचे त्याच्या नावावर लिहिले गेले पाहिजे. तेवढे केले तर वेशीवर कोणीही बसलेला असो, आत आलेला पैसा आपल्याच घरी येईल.